सिएटलचा वेदना-वॉर्ड

1944 साली जॉन बोनिका हा सत्तावीस वर्षांचा भूलतज्ज्ञ अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट लुईसच्या मॅडिगन लष्करी रुग्णालयात रुजू झाला. त्याचा जन्म सिसिलीजवळच्या फिलिकुदी या चिमुकल्या बेटावरचा. दहाव्या वर्षी तो घरच्यांबरोबर अमेरिकेत आला, वडील लवकर गेले, आणि शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्यानं कुस्तीचा आखाडा गाठला. डॉक्टरकीचा अभ्यास चालू असतानाही तो तोंडावर बुरखा चढवून ‘मास्क्ड मार्व्हल’ या नावानं लढत असे. त्या कुस्त्यांनी त्याचे खांदे आणि खुबे खिळखिळे केले. पुढे वेदनेवर जगभर बोलत फिरलेला हा माणूस स्वतः आयुष्यभर दुखणं अंगावर वागवत होता.

मॅडिगनमध्ये त्याच्यासमोर महायुद्धातून परतलेले जवान होते. कुणाचा पाय मांडीतून कापलेला, तरी नसलेल्या तळपायाची आग होतेय. कुणाची जखम कधीच भरून आलेली, पण हाताला नुसता वारा लागला तरी तो कळवळतोय. पाठ्यपुस्तकांत याबद्दल फारसं काही नव्हतं. बोनिकानं मज्जातज्ज्ञाला विचारलं, अस्थितज्ज्ञाला विचारलं, मनोविकारतज्ज्ञाला विचारलं. प्रत्येकानं आपापल्या परीनं एक उत्तर दिलं आणि रुग्ण तिथल्या तिथेच राहिला. मग त्यानं या सगळ्यांना दुपारच्या जेवणाला एकत्र बसवून एकेका रुग्णावर चर्चा सुरू केली. जुनाट वेदनेवर अनेक शाखांच्या लोकांनी मिळून उपचार करायचे, ही आज सर्वमान्य असलेली कल्पना त्या जेवणाच्या टेबलावरची आहे. 1953 साली त्यानं वेदनेच्या उपचारांवर सुमारे दीड हजार पानांचा ग्रंथ लिहिला आणि 1960 मध्ये तो सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आला.

तोवर वैद्यकशास्त्र वेदनेकडे ज्या नजरेनं पाहत होतं, ती नजर तीनशे वर्षं जुनी होती. सतराव्या शतकात देकार्तनं मांडलं होतं, की पाय विस्तवाजवळ गेला की एक तंतू ओढला जातो आणि दोरी ओढल्यावर देवळातली घंटा वाजावी तशी मेंदूत वेदना वाजते. इजा मोठी तर वेदना मोठी, इजा बरी झाली की वेदना संपली. या हिशेबात एक भयंकर पोटकलम दडलेलं होतं. तपासणीत इजा सापडली नाही, तर घंटा वाजतेय असं म्हणणारा माणूस खोटारडा तरी असला पाहिजे किंवा वेडा तरी.

हा हिशेब युद्धभूमीवरच चुकला होता. 1944 मध्ये इटलीतल्या अँझिओच्या किनाऱ्यावर हेन्री बीचर हा हार्वर्डचा डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करत होता. हाडं मोडलेले, पोटात गोळ्यांचे तुकडे घुसलेले जवान शुद्धीवर असूनही वेदनाशामक मागत नव्हते. गंभीर जखमींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी ‘नको’ म्हटल्याचं त्यानं 1946 मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे त्यानं शहरी रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांशी तुलना केली, तर तिथे बहुतेकांना औषध हवं होतं. बीचरनं त्याचा अर्थ असा लावला, की सैनिकाच्या लेखी ती जखम म्हणजे जिवंत घरी जाण्याचा परवाना होता आणि नागरिकाच्या लेखी तेच संकट होतं. वेदना जखमेच्या आकारावर ठरत नव्हती, जखमेच्या अर्थावर ठरत होती.

पण अर्थ म्हटलं की मन आलं, आणि मन म्हटलं की त्या काळी फ्रॉइड आला. 1959 साली जॉर्ज एंगल या मनोविकारतज्ज्ञानं ‘वेदनाप्रवण रुग्णा’चं वर्णन केलं. आत दडलेली अपराधी भावना, स्वतःला शिक्षा करून घेण्याची ओढ, आणि तिचं बाहेर पडलेलं रूप म्हणजे वेदना, असा त्याचा रोख होता. एंगल तळमळीचा माणूस होता. शरीर, मन आणि समाज यांचा एकत्र विचार करा, हे त्यानंच पुढे 1977 मध्ये वैद्यकाला ठासून सांगितलं. तरी त्याच्या या पहिल्या मांडणीनं रुग्णांचं भलं झालं असं मला वाटत नाही. कंबरदुखीनं वर्षानुवर्षं पिचलेल्या बाईला ‘तुमच्या मनात खोल कुठेतरी खुपतंय’ असं सांगणं आणि ‘नाटकं करू नका’ असं सांगणं, यांत तिच्या दृष्टीनं फारसा फरक नसतो.

ही कोंडी 1965 मध्ये फुटली. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि शरीरशास्त्राचा अभ्यासक पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक नवा सिद्धांत मांडला. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक आहे. खालून येणारे संदेश तिथे अडवले जातात किंवा पुढे सोडले जातात, आणि ते किती उघडायचं यात मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही हात असतो. लक्ष, भीती, पूर्वीचे अनुभव हे सगळं अशा रीतीनं मज्जासंस्थेच्या तारांमध्येच आलं. फाटकाचे तपशील पुढे बरेच बदलले. मुख्य मुद्दा टिकला, की मनाचा भाग आहे म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

आता पुन्हा सिएटलला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पुनर्वसन विभागात विल्बर्ट फोर्डाइस नावाचा मानसशास्त्रज्ञ काम करत होता. या इतिहासात मला सर्वात जवळचा वाटणारा माणूस हाच. रुग्णाच्या मनाच्या तळाशी काय आहे, हा प्रश्न त्यानं बाजूला ठेवला आणि वॉर्डात उभं राहून नुसतं पाहिलं. रुग्ण काय करतो आणि त्यानंतर लगेच आजूबाजूची माणसं काय करतात?

त्याला दिसलं ते असं. रुग्ण कण्हला की नर्स येते. दुखणं वाढलं असं म्हटलं की गोळी मिळते. व्यायाम करताना दुखलं की थांबायला सांगतात, विश्रांती मिळते. घरी नवरा एरवी पेपरात डोकं घालून बसलेला असतो. बायकोनं कमरेवर हात ठेवला की उठून येतो, भांडी घासतो, विचारपूस करतो. उलट जेव्हा माणूस हिमतीनं चार पावलं चालतो, तेव्हा कुणाचंही लक्ष नसतं. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर याच्या प्रयोगांतून मानसशास्त्राला ठाऊक झालेलं होतं, की ज्या वागण्यामागोमाग काही हवंसं मिळतं ते वागणं वाढतं. पहिली इजा बरी झाल्यावरही लंगडणं, झोपून राहणं, गोळ्या घेणं हे सगळं शिकलं जाऊ शकतं, आणि त्यात रुग्णाचा कसलाही कावा नसतो. शिकलेलं असेल तर ते सोडवताही येईल, हा फोर्डाइसचा तर्क.

1960च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो वॉर्डात उतरवला. सगळ्यात आधी औषधाचं वेळापत्रक बदललं. दुखलं की गोळी, हा नियम मोडीत निघाला. औषध घड्याळाप्रमाणे, ठरलेल्या तासाला, दुखत असो वा नसो. शिवाय ते गोळीच्या रूपात नव्हतं. गडद रंगाच्या, चवदार सरबतात मिसळून प्रत्येक वेळी तेवढ्याच मापानं दिलं जाई. सरबताचं माप तेच राही आणि आतलं औषध आठवड्यागणिक कमी होत जाई. ते कमी करणार आहोत हे रुग्णाला आधी सांगितलेलं असे. औषध मिळवण्यासाठी दुखण्याची गरज उरली नाही, हे यातलं खरं मर्म.

मग व्यायाम. पहिले काही दिवस रुग्णाला सांगत, ‘दुखेपर्यंत किंवा थकेपर्यंत करा आणि थांबा.’ किती फेऱ्या झाल्या, किती वेळा पाय उचलला, सगळं टिपून ठेवत. त्यानंतरचं लक्ष्य त्या आकड्याच्या थोडं खाली धरत, म्हणजे ते जमणारच. रोज त्यात किंचित भर पडे. लक्ष्य पूर्ण झालं की विश्रांती. दुखलं म्हणून विश्रांती नाही, काम झालं म्हणून विश्रांती. रुग्ण स्वतःच्या हातानं आलेख काढी आणि नर्स त्या आलेखापाशी थांबून कौतुक करी. तीच नर्स कण्हण्याकडे मात्र शांतपणे दुर्लक्ष करी. रागावत नसे, टोमणा मारत नसे, फक्त विषय वाढवत नसे. नवरा किंवा बायको यांनाही बोलावून हेच शिकवलं जाई, कारण वॉर्डात कमावलेलं घरी आठवड्यात विरघळून जायला वेळ लागत नाही.

1973 मध्ये फोर्डाइसच्या गटानं अशा 36 रुग्णांचे निकाल छापले. त्यांचं चालणं-फिरणं वाढलं होतं, गोळ्या कमी झाल्या होत्या. 1976 मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि ही पद्धत अमेरिकेबाहेरही पसरली. त्या 36 जणांना तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, रुग्ण निवडून घेतलेले होते, हे मान्य केलंच पाहिजे. टीकाही झाली: कळवळणाऱ्या माणसाकडे पाठ फिरवणं हा कसला उपचार? तो वॉर्ड डोळ्यांसमोर आणला की मलाही तो भाग जड जातो. पण फोर्डाइस वेदना नाकारत नव्हता. ‘किती दुखतंय?’ या प्रश्नाच्या जागी त्यानं ‘आज काय काय केलंत?’ हा प्रश्न ठेवला. ज्याच्यापाशी करण्याजोगं काही आहे तो माणूस कमी सोसतो, असं तो नेहमी म्हणे. जिथे शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया करून लोक कायमचे अंथरुणाला खिळत होते, तिथे हा प्रश्न विचारायलाही धैर्य लागत होतं.

त्याच 1973 साली बोनिकानं सिएटलजवळच्या इसाक्वा गावी जगभरच्या वेदना-संशोधकांची परिषद भरवली. त्यातून आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटना उभी राहिली. तिनं 1979 मध्ये केलेल्या व्याख्येत वेदनेला इंद्रियांचा तसाच भावनेचाही अनुभव म्हटलं आहे.

पुढची पिढी फोर्डाइसच्या खांद्यावर उभी राहिली आणि त्याच्याशी भांडलीही. डेनिस टर्क, डोनाल्ड माइकेनबॉम आणि माइल्स जेनेस्ट यांनी 1983 मध्ये म्हटलं, की माणूस नुसता वागत नाही, तो विचारही करतो. ‘आता माझं काही खरं नाही’, ‘वाकलो तर मणका निखळेल’ असे विचार वेदनेला खतपाणी घालतात. ते पकडायला, तपासायला आणि बदलायला शिकवता येतं. वागणं आणि विचार यांची सांगड घालणारी ही बोधात्मक वर्तनोपचार पद्धती पुढची चाळीस वर्षं या क्षेत्राचा मुख्य रस्ता राहिली.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला योहान फ्लायेन यानं त्या विचारांतली भीती नेमकी हेरली. तो रुग्णापुढे रोजच्या कामांची शंभराच्या आसपास छायाचित्रं ठेवी: बादली उचलणं, जिना उतरणं, मूल कडेवर घेणं. रुग्ण ती थर्मामीटरसारख्या पट्टीवर लावी, सगळ्यात भीतीदायक सर्वात वर. मग खालून वर जात एकेक कृती प्रत्यक्ष करून पाहायची आणि विचारायचं, ‘तुम्हाला वाटलं होतं तसं झालं का?’ 2001 मध्ये छापलेला त्याचा पहिला प्रयोग अवघ्या चार रुग्णांवरचा होता, पण चौघांचीही भीती या उपचारानं उतरली.

या कथेला एक धागा आपल्याकडचाही आहे. 1950च्या दशकात रंगूनमध्ये सत्यनारायण गोएंका या तरुण व्यापाऱ्याला अर्धशिशीचे असे झटके येत, की त्यांना मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. 1955 मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल. नुसती डोकेदुखी घालवायला आला असाल तर शिकवणार नाही, असं त्यांनी आधी सुनावलं. 1969 मध्ये गोएंका भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत घेतलं, आणि 1976 पासून इगतपुरीचं धम्मगिरी त्यांचं मुख्य केंद्र झालं. ऊ बा खिन यांचेच दुसरे शिष्य रॉबर्ट होव्हर अमेरिकेत शिकवत. त्यांच्या शिबिरात अंगावरून लक्ष फिरवण्याची रीत शिकलेला एक जीवशास्त्रज्ञ म्हणजे जॉन कबात-झिन.

1979 साली मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यानं क्लिनिक सुरू केलं. इतर विभागांनी हात टेकलेले रुग्ण माझ्याकडे पाठवा, एवढंच त्याचं मागणं. तिथे रुग्ण पाठीवर झोपून पाऊण तास डाव्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष नेत. दुखऱ्या जागेपाशीही थांबत, तिला हुसकावण्याचा प्रयत्न न करता. 1982 मध्ये त्यानं 51 जुनाट रुग्णांचे निकाल दिले. दहा आठवड्यांनंतर 65 टक्के लोकांच्या वेदनेचा गुण किमान एक-तृतीयांश उतरला होता. इथेही तुलनेचा गट नव्हता. फोर्डाइसनं वेदनेकडे पाठ फिरवायला शिकवलं, कबात-झिननं तिच्याकडे सरळ बघायला. दोन्हींत एक गोष्ट सारखी होती: दुखण्याला घाबरून आयुष्य आखडून घेणं थांबतं.

बोधात्मक वर्तनोपचारांची कसून पडताळणी लंडनमध्ये झाली. सेंट थॉमस रुग्णालयातल्या कार्यक्रमात अमांडा विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 121 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले: काही चार आठवडे तिथेच राहणारे, काही आठवड्यातून अर्धा दिवस येणारे, काही प्रतीक्षा यादीवरचे. दहा मिनिटांत किती चालता येतं, जिन्याच्या किती पायऱ्या चढता येतात, हेही मोजलं. 1996 चे निकाल स्पष्ट होते. राहून उपचार घेणाऱ्यांना जास्त फायदा झाला आणि वर्षानंतरही तो बराचसा टिकला. 1999 मध्ये स्टीफन मॉर्ली, क्रिस्टोफर एकल्स्टन आणि विल्यम्स यांनी 25 चाचण्या एकत्र करून दाखवलं, की बोधात्मक वर्तनोपचारांचा उपयोग होतो.

पुरावा हाती येत होता त्याच वर्षांत अमेरिकेत या उपचारांची वाट लागत होती, आणि हे लिहिताना माझा संताप आवरत नाही. वॉर्डाला डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, नर्स, सगळे एकत्र लागतात आणि कित्येक आठवडे लागतात. विमा कंपन्यांनी या एकत्र उपचाराचे तुकडे पाडले: फिजिओथेरपीचं बिल वेगळं, मानसशास्त्रज्ञाचं वेगळं, आणि त्यातलंही पुष्कळसं नामंजूर. केंद्रं एकामागून एक बंद पडली. त्याच सुमाराला, 1996 मध्ये, ऑक्सिकॉन्टिन हे अफूवर्गी वेदनाशामक बाजारात आलं. अफूवर्गी औषधांचं व्यसन क्वचितच लागतं, याला आधार म्हणून 1980 साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेलं पाच वाक्यांचं पत्र दाखवलं जाई. त्यातली नोंद रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांची होती. घरी वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांशी तिचा संबंध नव्हता. तरी 2017 पर्यंत ते पत्र 608 वेळा उद्धृत झालं होतं, आणि त्यातल्या 72 टक्के ठिकाणी व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून. ऑक्सिकॉन्टिनची दिशाभूल करणारी जाहिरात केल्याचा गुन्हा ते बनवणाऱ्या पर्ड्यू समूहातल्या कंपनीनं 2007 मध्ये कबूल केला. तोवर किती घरं उद्ध्वस्त झाली होती! दुखलं की गोळी, हा जो नियम फोर्डाइसनं वॉर्डातून हद्दपार केला होता, तो आता देशभर लागू झाला होता. फोर्डाइस 2009 मध्ये गेला. हे सगळं त्याला डोळ्यांदेखत पाहावं लागलं.

2020 मध्ये विल्यम्स, एकल्स्टन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा हिशेब मांडला: 75 चाचण्या, 9401 माणसं. बोधात्मक वर्तनोपचारांचा वेदना, अपंगत्व आणि मनस्ताप या तिन्हींवर फायदा होतो, पण तो लहान आहे. आपल्याच आयुष्यभराच्या कामाबद्दल ‘लहान’ हा शब्द छापणाऱ्या या लोकांबद्दल मला आदर वाटतो. सरासरी लहान म्हणजे प्रत्येकाला लहानच फायदा झाला असं नाही. कुणी कामावर परतलं, कुणाला काहीच झालं नाही. त्याच चाचण्या पुन्हा पुन्हा करू नका, यातलं काय कुणाला लागू पडतं ते शोधा, असंही त्यांनी सुचवलं. पुढच्याच वर्षी, एप्रिल 2021 मध्ये, इंग्लंडच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेनं अन्य कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी व्यायाम आणि हे मानसोपचार सुचवले. पॅरासिटामॉल, सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि अफूवर्गी औषधं सुरू करू नका, असं सांगितलं.

2022 मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरहून एक निराळाच निकाल आला. 151 कंबरदुखीच्या रुग्णांपैकी 50 जणांना चार आठवडे शिकवलं गेलं, की तुमची वेदना शंभर टक्के खरी आहे, ती मेंदूच्या चुकीच्या धोक्याच्या इशाऱ्यातून येतेय, आणि तो इशारा बंद करता येतो. 50 पैकी 33 जण वेदनामुक्त किंवा जवळपास तसे झाले. खोटं इंजेक्शन घेतलेल्या 51 जणांत ही संख्या 10, नेहमीच्या उपचारांवरच्या 50 जणांत 5. वर्षभरानंतरही फायदा बहुतांशी टिकून होता. फोर्डाइसनं वेदनेचा आकडा सोडून दिला होता. बोल्डरच्या मंडळींनी पुन्हा त्या आकड्यालाच हात घातला. त्यांचे रुग्ण सरासरी दहा वर्षं दुखणं काढलेले होते, पण दुखणं मध्यम, दहापैकी चारच्या आसपास, आणि बहुतेक जण शिकलेले. अनेक शस्त्रक्रिया झालेल्या, नोकरी गेलेल्या, अंथरुणाला टेकलेल्या माणसांवर हीच चाचणी व्हायला हवी, आणि तीसुद्धा त्यांना गोळ्यांची सवय लागायच्या आत.